अकरा नट

बस डेपोच्या चाक विभागात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचं खरं नाव निम्म्या डेपोला आठवेना. सगळे त्यांना घट्टमास्तर म्हणत. मास्तरांनी आवळलेला नट मास्तरांनाच सोडवावा लागतो, अशी त्यांची ख्याती होती. घरीही तीच तऱ्हा. त्यांनी बंद केलेल्या बरणीचं झाकण कुणाला उघडायचं नाही, आणि नळ तर इतक्या जोरात बंद करायचे की वर्षातून चार वेळा वायसर बदलावा लागे. त्यांची बायको, जिला शेजारी मास्तरीणबाई म्हणत, ती पाहुण्यांना सांगायची की यांनी माझी लग्नगाठ बांधली नाही, आवळली.

जावयाचं टायरचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी चांगली बसून करायची नोकरी सोडून त्याने ते काढलं. मास्तरांना धंद्याची लाज नव्हती, पण जावई हाताने काही आवळत नाही हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. हवेवर चालणारं यंत्र नटाला लावायचं, घर्रकन आवाज झाला की पुढचा नट. यात माणसाच्या हाताला काय कळतं, असं ते बायकोला दर रविवारी विचारत.

एकदा दुकानात बसले असताना त्यांना राहवलं नाही. जावयाने चाक बसवून दिलेल्या गाडीपाशी ते उठून गेले, पाना लावला आणि गाडीच्या मालकादेखत त्यावर पाय देऊन उभे राहिले. नट जरासा फिरला. मास्तर म्हणाले, बघा. मालकाने बघितलं आणि परत त्या दुकानात पाऊल टाकलं नाही. जावई तीन महिने सासरी आला नाही. शेवटी मुलगी एकटीच आली आणि बापाकडून शब्द घेऊन गेली की यापुढे जावयाने बसवलेल्या चाकाला बाबा हात लावणार नाहीत. मास्तरांनी शब्द दिला. त्यानंतर जाणंयेणं पुन्हा सुरू झालं, पण उकळून थंड केलेल्या पाण्यासारखं, बेचव.

म्हणून मास्तरीणबाईंच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं आणि जावई आपण होऊन म्हणाला की सगळे माझ्या गाडीने जाऊ, तेव्हा घरात आनंद झाला. रस्ता दोनशे दहा किलोमीटरचा. त्यासाठी जावयाने आदल्या दिवशी गाडीला चारही टायर नवे घातले, आणि पहाटे लवकर निघता यावं म्हणून तो आणि मुलगी मुक्कामालाच आले.

पहाटे पाचला मास्तरांना जाग आली. खरं तर झोप लागलीच नव्हती. खाली गाडी उभी होती, चार चाकं, सोळा नट, आणि त्यात आपली मुलगी बसणार. त्यांनी कूस बदलली, उठून बसले, पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले. नुसतं बघून येतो, असं स्वतःला सांगत ते उठले. मग बघायला पाना कशाला हवा याचं उत्तर न देता त्यांनी गॅलरीतून आपला पाना आणि त्याच्या दांड्यावर चढवायचा दोन फुटी पाइप घेतला.

पुढच्या डाव्या चाकाचे चार नट त्यांनी तपासले. पाइपने रेटा दिला की प्रत्येक नट जरा जरा पुढे सरकत होता. त्यांना बरं वाटलं. म्हणजे आपण म्हणत होतो ते खरंच होतं. पुढच्या उजव्याचे चार झाले. मागच्या डाव्याचे दोन झाले. तिसऱ्याला, म्हणजे एकूण अकराव्याला, त्यांनी अंगाचा भार दिला. नट आधी ताठ राहिला आणि मग एकदम लोण्यात फिरल्यासारखा मऊ फिरला.

मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. चाकामागून आटे पाडलेला जो दांडा बाहेर येतो, ज्याला स्टड म्हणतात, तो ताणला गेला होता. बसचा स्टड अंगठ्याएवढा जाड असतो, मोटारीचा करंगळीएवढा. बसच्या नटाला जेवढा जोर लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्यात मोटारीचा नट बसतो. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक त्यांना होतं, हाताला नव्हतं. डेपोत असं झालं असतं तर त्यांनी गाडी फाटकाबाहेर जाऊ दिली नसती, मग साहेब का येईना समोर.

एवढ्यात गॅलरीतून मास्तरीणबाईंनी विचारलं की अहो, खाली काय करताय, चहा निवतोय. मास्तरांनी पाना आणि पाइप जिन्याखाली सरकवला आणि वर गेले.

सांगायला वेळ होता. चहाला जावई समोरच बसला होता, आणि आज कधी नव्हे तो मोकळेपणी बोलत होता. मामा, तुम्ही पुढे बसता का, पाय मोकळे राहतील, असंही त्याने विचारलं. मास्तरांच्या तोंडात शब्द आला आणि चहाबरोबर खाली गेला. मुलगी इतक्या दिवसांनी दोघांना एकत्र चहाला बसलेलं बघत होती. एका चाकाला चार नट असतात, तीन शाबूत आहेत, असं त्यांनी मनाशी मांडलं आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले, डाव्या बाजूला, त्या चाकाच्या अगदी वर.

गाडी गावाबाहेर पडली आणि त्यांचे कान उभे राहिले. बाराव्या किलोमीटरला त्यांना टकटक ऐकू आली. त्यांनी लघवीचं निमित्त काढून गाडी थांबवली, उतरून मागच्या चाकाला वळसा घातला, नटाला बोट लावून पाहिलं. हलत नव्हता. टकटक डिकीतल्या डब्याची होती. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला त्यांनी पुन्हा थांबायला लावलं. एकेचाळिसाव्याला मळमळतंय म्हणाले. मास्तरीणबाईंनी लेकीला हळू आवाजात साखरेचा संशय सांगितला, आणि लेक म्हणाली की परत आल्यावर पहिलं रक्त तपासायचं, बाबांचं आता काही ऐकायचं नाही. जावई आरशातून बघून म्हणाला, मामा, लाजू नका, लागेल तितक्या वेळा सांगा. त्या बोलण्याने मास्तर आणखीच आक्रसले.

रिकामं बसल्या-बसल्या डोक्यात दुसरं गणित सुरू झालं होतं. अकराव्या नटाचा स्टड ताणला ते हाताला कळलं. पण त्याच पाइपने, त्याच जोराने आधी दहा आवळले होते. ते शाबूत आहेत असं कोण म्हणालं? आपणच. आणि आपण म्हणजे कोण, बसवाले. समोर लांब उतार लागला. गाडीने वेग घेतला. काटा नव्वदवर गेला, बाजूने एक ट्रक गेला आणि गाडी किंचित हलली. मुलीची वेणी पुढच्या सीटच्या पाठीवर हलत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"गाडी बाजूला घ्या," ते म्हणाले.

मुलगी मागे न बघता म्हणाली की बाबा, आत्ताच तर थांबलो होतो.

"जावईबापू, मागच्या डाव्या चाकाचा एक स्टड मी तोडलाय. सकाळी. पाइप लावून."

गाडी हळू झाली, कडेला गेली, थांबली. इंजिन बंद झालं. मग मुलगी वळली. तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता."



जावई उतरला. डिकीतून एक लांब पेटी काढून त्याने आतला पाना घेतला. हवा तेवढा जोर बसला की तो पाना आपण होऊन टक् असा आवाज करतो आणि मग थांबायचं असतं. कोणते कोणते, एवढंच त्याने विचारलं. मास्तरांनी अकराही दाखवले. जावयाने एकेक नट सैल करून पुन्हा आवळायला घेतला. पुढचं डावं चाक: टक्, टक्, टक्, टक्. मास्तर मागे हात बांधून उभे होते. पुढच्या उजव्याला पहिला नट वाजला. दुसरा वाजेना. जावयाने अर्धा फेरा दिला, नट मऊ फिरत राहिला. त्याने तो काढला. आतला दांडा कमरेत बारीक झाला होता.

"हा तुम्हाला माहीत होता?"

मास्तरांनी मान हलवली, नाही म्हणून.  एकतीस वर्षं ते सांगत आले होते की नट हाताला बोलतो. या नटाचा दांडा तुटत आला होता आणि हाताला काहीच बोलला नव्हता.

अकरावा तर वाजलाच नाही. बाकीचे वाजले.

जावई हात पुसत म्हणाला, "मला उठवायचं होतंत."

"तुम्ही झोपला होतात."

"झोपलेल्यालाच उठवतात, मामा."

"रागावलात?"

"हो," जावई म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

चार किलोमीटर ते बैलगाडीच्या चालीने गेले. पुढच्या वस्तीत एक टायरवाला मिळाला. त्याने दोन्ही चाकं उतरवली, ताणलेले स्टड ठोकून काढले, नवे बसवले. दीड तास गेला. बायका बाकावर बसल्या. मुलगी बापाशी बोलत नव्हती, पण उन्हात उभे राहू नका, असं आईकडून तिने सांगायला लावलं. मास्तर सावलीत आले, पुन्हा उन्हात गेले. टायरवाल्याने यंत्र उचललं तेव्हा जावयाने त्याला थांबवलं आणि आपला पाना मास्तरांच्या पुढे धरला.

"तुम्ही आवळा. वाजला की सोडायचा."

मास्तर उकिडवे बसले. पहिला नट फिरला, जड झाला, टक् वाजलं. मास्तरांच्या दंडाला तो सैल वाटत होता, अगदी उघड सैल. आणखी पाव फेरा, फक्त पाव, असं सगळं अंग सांगत होतं. त्यांनी वर बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पाना काढला. आठही नट त्यांनी तसेच आवळले, आणि दर वेळी टक् झाल्यावर हात मागे घ्यायला त्यांना नट आवळण्यापेक्षा जास्त जोर लागला. संपलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

पुन्हा रस्त्याला लागल्यावर ते उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. बऱ्याच वेळाने जावयाने आरशात न बघता विचारलं, "मामा, कुठे काही आवाज येतोय का?"

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. घाई केली नाही.

"नाही. पण नवे स्टड आहेत. पन्नास किलोमीटरवर एकदा वाजवून बघा."

"तुम्हीच बघा," जावई म्हणाला.

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मास्तर दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकले, काट्याखालचे किलोमीटरचे आकडे वाचले, मनात त्यात पन्नास मिळवले, आणि पुढचा सगळा वेळ तसेच वाकून बसले.