चिठ्ठीशिवाय माल नाही

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात कुणाला कुठलीही वस्तू चिठ्ठीशिवाय दिलेली नाही, आणि हे सांगताना मी तसूभरही वाढवून सांगत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते पस्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. नट असोत, बोल्ट असोत की हातमोजे, आधी सहीची मागणी-चिठ्ठी खिडकीतून आत यायची आणि मगच माल बाहेर. खुद्द मॅनेजर एकदा पेन्सिल मागायला आले, तर मामांनी त्यांना चिठ्ठी लिहायला सांगितलं, आणि लिहायलाच पेन्सिल हवी आहे म्हटल्यावर, "मग तिची वेगळी चिठ्ठी लागेल," म्हणाले. आमच्या लग्नात कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं आणि कोठी मामांच्या ताब्यात गेली. आचारी गुळासाठी ताटकळला ते एक वेळ ठीक, पण वरमालाही कोठीतच होत्या. मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मी "हार, नग दोन" अशा चिठ्ठीवर सही केली, तेव्हा कुठे ते सुटले. तोवर भटजींनी पदरची दोन मंगलाष्टकं म्हणून वेळ मारून नेली होती.

रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, मामा कोडिंगकडे वळले. रोज सकाळी मामींकडून डबा भरून घेऊन ते घराला टाटा करत आणि पलीकडच्या खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसत. जेवण कारखान्याच्या सुट्टीच्याच वेळेला, तेही डब्यातलं, गार. चहा हवा असला की दाराखालून चिठ्ठी सरकवत, "चहा, नग एक, तातडीचे." मामी म्हणायच्या, "कारखान्यातून सोडलं गं यांना, कारखाना कुठे सोडतोय!" मी त्याच लाइनमधली, घरून काम करणारी, म्हणून अडलं की फोन मला.

हा सगळा खटाटोप एका गेमसाठी होता, आणि गेम नांदगावच्या काकांसाठी. हे काका म्हणजे स्टोअरच्या खिडकीवर मामांच्या शेजारी उभं आयुष्य काढलेले त्यांचे हेल्पर. आता मुलाकडे नांदगावला असतात आणि एकेक गोष्ट विसरत चालले आहेत. मागच्या खेपेला मामा भेटायला गेले तर काकांनी नम्रपणे विचारलं, "आपण कोन?" मामा परत आले आणि तिसऱ्या दिवशी गेम लिहायला बसले. गेममध्ये एक खिडकी, मागे रॅक. चिठ्ठी येते, तिच्यावरचा माल बोटाने उचलून खिडकीत ठेवायचा. एवढंच. काकांना निदान खिडकी तरी ओळखीची वाटेल, असा मामांचा हिशेब.

रविवारी नांदगावला जायचं ठरलं आणि शुक्रवारी मामांचा फोन आला. "सूनबाई, कॉम्प्युटरच्या एकशे बारा तक्रारी आल्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच, अनडिफाइन्ड रेफरन्स. म्हणजे वस्तू मागितली आहे, पण स्टोअरमध्ये नाही. आणि मी स्वतः पाहिलं गं, वस्तू स्टोअरमध्ये आहे!" मी गेले तर एकशे बाराही तक्रारी प्रिंट काढून, पंच करून फाइलला लावलेल्या. चित्रांची लायब्ररी, आवाजाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, सगळं मामांनी उतरवून 'स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं, आणि खबरदारी म्हणून आणखी तीन ठिकाणी. मी अर्धा तास डोकं आपटलं. वैतागून मामांवर एकदा ओरडलेही, त्याची मला अजून लाज वाटते. मग गेम जोडण्याची कमांड नीट वाचली आणि हसू फुटलं. मामांनी सगळ्या लायब्ऱ्या ओळीत सर्वांत आधी लिहिल्या होत्या आणि गेमची फाइल सर्वांत शेवटी.

"मामा, जोडणारा प्रोग्रॅम डावीकडून वाचत जातो. लायब्ररीपाशी येतो तेव्हा अजून कुणी काही मागितलेलंच नसतं, म्हणून काही न उचलता पुढे जातो. मागणारा शेवटी येतो, तोवर खिडकी बंद. आधी मागणी लिहा, मग माल."

मामांनी चमकून विचारलं, "म्हणजे चिठ्ठीशिवाय माल देत नाही?"

"नाही."

"मी म्हटलं काकांचं काम आहे, मागायच्या आधी सगळं हजर ठेवू." मग त्यांनी लॅपटॉपकडे अशा आदराने पाहिलं, की तसं मामींकडे पाहिलेलं मला तरी आठवत नाही. "माणूस खमक्या आहे हो आतला!"

क्रम बदलला आणि एकशे बारा तक्रारी एका दमात गेल्या.

रविवारी मीही बरोबर गेले. काकांनी मामांना ओळखलं नाही. टॅबलेट मांडीवर ठेवला तेव्हा मात्र त्यांची बोटं आपसूक चालू लागली. बोल्ट, वायसर, हातमोजे, एकही चूक नाही. मामा इतके हरखले, की वाकून म्हणाले, "अहो, मलाही एक अर्धा इंची बोल्ट द्या की!"

काकांनी मानही वर केली नाही. "चिठ्ठी कुठं हाय? चिठ्ठीबिगर माल नाय."

मामांचा चेहरा पडला. मग त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याच्या मागे "बोल्ट, अर्धा इंची, नग एक" लिहिलं आणि खाली त्यांची ती लांबलचक सही केली. काकांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ सही न्याहाळली. "सही तर आमच्या साहेबांची हाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी मामांकडे नीट वर पाहिलं. "साहेब! तुम्ही सोता कशाला आले? नुसती चिठ्ठी धाडायची ना."

चष्मा काढून मामांनी माझ्यापुढे हात केला आणि रुमाल मागितला, चिठ्ठीशिवाय. मी दिला.