आतली कडी

वृद्धाश्रमात आईच्या खोलीचं दार मी नेहमीसारखं ढकललं. दारामागे लावलेली खुर्ची करकरत सरकली. आई साडी बदलत होती. तिने घाईघाईने पदर छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. दाराला आतून कडी नव्हती. तिच्या जागी स्क्रूची चार भोकं होती.

ती कडी काढायला संमती मीच दिली होती. "आत पडल्या तर दार तोडावं लागेल हो," असं व्यवस्थापक म्हणाले आणि मी सही केली. आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिला विचारावं, हे व्यवस्थापकांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही. काळजीच्या नावाखाली आपण माणसाकडून काय काय काढून घेतो, आणि वर निश्चिंत होतो!

मी दहावीत होतो तेव्हा माझ्या खोलीत येण्याआधी आई दारावर बांगड्या वाजवायची. पंधरा वर्षांच्या पोराचाही ती आब राखायची.

पुढच्या रविवारी मी बाहेर थांबून दार वाजवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा वाजवलं, तेव्हा आतून आईचा अदबीचा आवाज आला,

"कोण पाहुणे आलेत? या ना. इथलं कुणी दार वाजवत नाही, म्हणून विचारलं."