उत्तरवाहिनी

अमेरिकेत आमच्या नोव्हाय गावातले शेजारी काका दर जुलैत आम्हाला मिशिगनच्या पार वरच्या जंगलातल्या एका नदीवर नेतात. पाल्यापाचोळ्याचा रंग उतरून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. "पूर्वी हिच्यातून लाकडाचे ओंडके वाहत कारखान्यात जायचे. ओंडके संपले, आता आपण तरंगायचं," हे काकांचं वाक्य दरवर्षी त्याच सुरात येतं. मग भाड्याच्या होडीत बसण्याआधी काका त्या बर्फगार पाण्यात तीन बुड्या मारतात. का, तर ही उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी, म्हणजे जास्त पुण्य!

"अहो काका, इथल्या सगळ्याच नद्या उत्तरेला त्या मोठ्या लेकमध्ये जातात," मी एकदा म्हटलं.

"मग केवढी सोय आहे यार!"

यंदा गुडघ्यांमुळे त्यांनी स्वतःचं येणं कॅन्सल केलं. आम्ही होडीवाल्याकडे होतो तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"अजून उत्तरेलाच जातेय ना?"

"हो, काका."

"आणि तू बुडी मारलीस?"

दरवर्षी काठावर कोरडा उभा राहून त्यांना हसणारा मी. पण आता माझे दात एवढे वाजत होते, की काकांना उत्तर आपोआपच मिळालं.