आधी सुजलेला चेहरा

यवतमाळच्या जबड्याच्या दवाखान्यात कम्प्युटरवर बसणारा तो माणूस मला आवडतो. दातांच्या तारांसाठी नातीला घेऊन वर्षभर चकरा झाल्या, पण नाव मी विचारलं नाही. बोलताना तो स्वतःचीच हनुवटी चिमटीत धरतो आणि मला चाचाजी म्हणतो.

नातीचा खालचा जबडा माझ्यासारखाच पुढे आहे. तिला ऑपरेशन पाहिजे होतं, मला पटत नव्हतं. घराण्याचा चेहरा कापायचा कायले? त्या दिवशी तो तिचा ऑपरेशननंतरचा चेहरा पडद्यावर दाखवणार होता. त्यानं पहिले काढला तो सुजून भोपळा झालेला.

"चांगला दाखवा ना आधी," नात म्हणाली.

"बेटा, चांगला पाहून सगळेच हो म्हणतात. काही दिवस हा चेहरा घेऊन राहा लागते, तेही पातळ पिऊन. मंजूर असंन तर पुढचा दाखवतो."

पोरगी आता घाबरते म्हणून मी मनात खूश झालो. तिनं तो चेहरा नीट पाहिला आणि म्हणाली, "मंजूर आहे."

त्यानं पुढचा चेहरा काढला नाही. खुर्ची माझ्याकडे वळवली. "चाचाजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

घरात मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तिनं हो म्हटलं ना," मी म्हटलं, "मंग मले कायले विचारतं? दाखव."