एकच हेल्मेट

पोलिसातल्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यातली ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो.

घोटावडे ते रिहे रस्त्यावर मोपेडवरच्या एका जोडप्याचा अपघात झाला. साठीतल्या शेतकऱ्याचं खरचटण्यावर निभावलं. मागे बसलेली त्याची बायको डोक्याला मार लागून जागीच गेली. "टेम्पोनं मागनं उडवलं," अशी त्याने फिर्याद दिली. त्याच दुपारी नाव न सांगता कुणीतरी फोन करून पळालेल्या टेम्पोचा नंबर कळवला. तासाभरात मारुंजीतून चालक उचलला. मराठवाड्यातला तरुण, भाड्याच्या खोलीत राहणारा.

"साहेब, मी धडक दिलीच नाही. गाडी आधीच पडलेली होती. बाईला बघितलं अन् भिऊन निघालो," हेच तो संध्याकाळपर्यंत सांगत होता. मी ऐकतोय कुठला? पळाला म्हणजे दोषी, असं धरूनच चाललो. त्याला अटक करून घरी गेलो आणि निवांत जेवलो.

सकाळी ठाण्याच्या आवारात ती मोपेड पाहिली. मागचा दिवा, नंबरप्लेट शाबूत. ओरखडे फक्त डाव्या अंगाला. टेम्पोवरही कुठे चरा नव्हता. पंचनामा पुन्हा काढून वाचला. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, त्यात विखुरलेल्या भाताच्या रोपांच्या जुड्या. लावणीच्या दिवसांत इकडे जुड्या मोपेडच्या पायदानावर रचतात आणि पाय बाहेर लोंबते ठेवून गाडी चालवतात. अशी गाडी घसरली तर सावरणार कशी? त्यात बाई एका अंगाला बसलेली.

मी शेतकऱ्याच्या घरी गेलो. पुण्याहून आलेली त्याची मुलगी आत होती. खुंटीवर खरवडलेलं हेल्मेट दिसलं.

"हे कोणाच्या डोक्यात होतं?"

त्याने हेल्मेट खुंटीवरून काढून हातात घेतलं. "माज्या. टेम्पो न्हवता सायब, मीच घसरलो. हेल्मेट एकच हाय. ती म्हनली, गाडी तुमी चालवताय, तुमीच घाला." मग हळूच म्हणाला, "टेम्पोचंच ऱ्हाऊ द्या की. पोरीला कळलं तर ती तोंड बघायची न्हाई माजं. तिच्याबिगर मला कुनी न्हाई."

"तो टेम्पोवाला कोठडीत आहे, त्याचं काय?"

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "लिवा," म्हणाला.

फिर्यादी होता तोच आरोपी झाला, टेम्पोवाला सुटला. मुलीने दाराआडून सगळं ऐकलं होतं. तेराव्यानंतर ती पुण्याला गेली, ती पुन्हा आली नाही.

मोपेडला लोक खेळण्यातली गाडी समजतात. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं आणि पायदान पायांसाठी असतं, हे नंतर मी गावोगाव सांगत फिरलो. केसने शिकवलं ते एवढंच, असं तेव्हा वाटलं होतं.

निवृत्तीनंतर माझीही बायको गेली. घर खायला उठायचं. एक दिवस काही काम नसताना रिह्याला त्या शेतकऱ्याकडे गेलो. त्याने चहा केला. दोघांनी ओसरीवर बसून घेतला. निघताना म्हणाला, "सायब, पोरीला तुमी सांगा ना, तिच्या आईनंच मला घालायला लावलं. माजा फोन ती घेत न्हाई."

मी फोन केला. तिने शांतपणे ऐकलं.

"मला माहीत आहे, काका. आई तशीच होती. पण त्यांनी घातलं ना?"

तो अधूनमधून विचारतो, पोरगी काय म्हनली? लागत नाही फोन, असं मी सांगतो.