तीन फुंकांची वही

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायचे. आयुष्यभर कापसाची धूळ छातीत घेऊन घरी बसले, तेव्हा जिना चढताना मध्येच थांबून भिंतीच्या रंगाबद्दल बोलायला लागले होते. दम लागतो म्हणायची लाज. डॉक्टरांनी त्यांना प्लास्टिकची एक नळी दिली. रोज सकाळी तिच्यात तीनदा जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा लिहायचा. आकडे घसरले किंवा तीन फुंकांत फार फरक पडायला लागला तर लगेच घेऊन या, असं त्यांनी मला बजावलं होतं.

मी पुण्यात नोकरी करते. लोकांच्या तक्त्यांवर कोड चालवून आकडे काढून देते. आई गेल्यापासून अण्णा एकटेच राहायचे आणि पुण्याला चला म्हटलं की त्यांना सोलापुरात हजार कामं आठवायची. मग मी माझ्या परीनं काळजी घ्यायची ठरवली. म्हणजे काय, तर कोड लिहिला.

दिवसाला एक ओळ, ओळीत तीन रकाने. रविवारी अण्णा वहीच्या पानाचा फोटो पाठवायचे आणि मी ते आकडे तक्त्यात भरायचे. कोड प्रत्येक ओळीची सरासरी, मोठा आकडा, लहान आकडा आणि त्या दोघांतला फरक शेजारी मांडायचा. पहिल्या रविवारी मी गाढवासारखी उभ्या रकान्यांची सरासरी काढून बसले होते. फोनवर ते सांगितलं तर अण्णा हसून म्हणाले, "उभा ताणा सोड आन् आडवा बाणा धर की मग." माझी नोकरी त्यांना एवढ्यात कळली. त्यांची मला कधीच कळली नव्हती, हे पुढं समजायचं होतं.

सुरुवातीला ओळीतला फरक तीस-चाळीसच्या घरात असायचा. मग तो कमी व्हायला लागला. एका रविवारी सगळ्या आठवड्याचा फरक शून्य आला. दोनशे चाळीस, दोनशे चाळीस, दोनशे चाळीस. मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन लावला.

"अण्णा, तिन्ही आकडे एकसारखे! छाती ठणठणीत झाली तुमची."

"व्हय? बरं झालं की," ते म्हणाले. आवाज खुशीत होता. मध्ये एकदा थांबले, पण मला वाटलं पाणी पीत असतील.

पुढचे कितीतरी रविवार शून्यच आला आणि दर रविवारी मी त्यांचं कौतुक केलं. ऑफिसच्या तक्त्यात ओळीमागून ओळ असा शून्य आला असता, तर आकडे भरणाऱ्याला मी फैलावर घेतलं असतं. जिवंत माणसाची फुंक तीनदा सारखी येत नाही, एवढं कळायला कोड लागत नाही. पण घरच्या तक्त्यात मला तो शून्य हवा होता. मी जाणूनबुजून आंधळी झाले, दुसरं काही नाही.

एका सोमवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. अण्णा अंगणात कोसळले होते, त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी मिळेल ती गाडी पकडली. कुर्डुवाडीला ती नेहमीसारखी थांबून राहिली आणि मी डब्यात बसून फोनवर तोच तक्ता पुन्हा पुन्हा बघत राहिले.

दवाखान्यात अण्णांच्या तोंडावर मास्क होता. मी विचारलं, "अण्णा, खरंच फुंकत होता का तीनदा?"

त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. "आदी फुंकायचो की. मग एकदाच जमाया लागलं. तिसऱ्या टायमाला छातीत वारं उरतंय कुटं?"

"आणि मग?"

"मग ते बी न्हाय जमलं. कालचाच आकडा लिवायचो."

"अहो, मग रिकामं ठेवायचं!"

"रिकामं कसं ठिवू? खाडा दिसतोय की." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "आन् सारकं आलं की तू लई खूश व्हायचीस."

मागावर कामगाराच्या हजेरीच्या कार्डातला रिकामा चौकोन म्हणजे खाडा. तो दिसू नये म्हणून अण्णा अंगात ताप घेऊन कामावर गेलेले मी लहानपणी पाहिले होते. माझ्या तक्त्यातला रिकामा रकाना बघून मी डॉक्टरांकडे धावले असते. त्यांना मात्र तो चुकवलेला दिवस वाटला, आणि लेकीकडे त्यांना एकही दिवस चुकवायचा नव्हता. मी शाबासकी दिली नसती तर कदाचित एखाद्या रविवारी ते खरं बोलले असते. हे मला आजही पचत नाही.

गुरुवारी रात्री अण्णा गेले.

घरी आल्यावर वही उघडली. चालू आठवड्याचं पान सोमवारपासून रविवारपर्यंत आधीच भरलेलं होतं, एकाच शाईत, एका बैठकीत. रविवारचा फोटो चुकू नये म्हणून. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही ओळींत दोनशे चाळीस.

त्या रविवारी मी सगळं पान तक्त्यात भरलं आणि कोड चालवला. सातही ओळींत फरक शून्य आला. अण्णा नव्हते त्या तीन दिवसांचे आकडे पुसायला हवेत, एवढं मला कळत होतं. पण त्यांच्या नावावर खाडा मांडायला माझा हात उठला नाही.