सोर्स कोडातलं मधलं पान

आता स्वतःच्या शहाणपणाचे धिंडवडे स्वतःच्याच तोंडाने काय वर्णावेत! पण चहा मागवलाच आहेत, तर ऐका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चिंचवडला माझं मसाल्याचं दुकान. देहूरोडच्या लष्करी डेपोत हळद-मिरची पुरवायचो, म्हणून तिथे ओळख. आमचे गिऱ्हाईक वसंतराव भोसरीच्या एका शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचे. पोतं ठेवलं की आकडा आपोआप उमटतो! म्हटलं, "राव, डेपोत मी लावून देतो." त्यांची ही पहिलीच मोठी ऑर्डर. हुकली तर शेडला कुलूप.

डेपोतल्या मेजरसाहेबांना काटा आवडला. म्हणाले, "याच्या आतला प्रोग्रॅम कागदावर पूर्ण लिहून द्या. आम्ही वाचणार, मगच घेणार."

म्हटलं, असं गुपित कोण देणार! वसंतराव मात्र हसत कागदांचं बाड घेऊन आले. "शेठ, हा सोर्स कोड. जसाच्या तसा पोचवा."

"अहो, उद्या दुसरा कोणी असाच काटा बनवेल की!"

"बनवू दे. सरकारनं डोळे झाकून का विश्वास ठेवावा? आत डोकावलंच पाहिजे त्यांनी."

काय दिलदार माणूस! पण आमच्या धंद्याची रीत ठाऊक आहे ना? कुणी मसाल्याची कृती विचारली तर तोंड भरून सांगायची, एक जिन्नस तेवढा गाळायचा. आकुर्डीला स्कूटर थांबवली, बाडातलं मधलं पान काढलं, खिशात घातलं. भोळ्या माणसाचं भलं केलं म्हणून वर पेढाही खाल्ला!

काही दिवसांनी दोघांना बोलावणं. मला वाटलं होतं, ती बाराखडी वाचतो कोण? साहेबांनी ओळ न् ओळ वाचली होती!

"वसंतराव, शून्यावर येणं आहे, आकडा दाखवणं आहे. वजन मोजायचा भागच कुठंय? तेवढाच लपवलात?"

वसंतराव पांढरेफटक. "साहेब, मी तर सगळं दिलं..."

"मग ऑर्डर विसरा."

मी खिशातलं पान काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, हे माझ्याकडं राहिलं."

"राहिलं?"

"ठेवलं."

साहेबांनी पान वाचलं, बाडाशी जुळवलं आणि उठून वसंतरावांचा हात हातात घेतला. "ऑर्डर तुमची." मग कारकुनाला म्हणाले, "लिहा, वजन चालू असताना शेठजींनी काट्यापासून चार हात लांब उभं राहावं."

मी हसलो. कारकुनानं खरंच लिहिलं हो! अजूनही डेपोत गेलो की पहारेकरी आधी मला बाजूला नेऊन उभा करतो, मगच पोतं काट्यावर चढवतो.

आणि मिरची माझीच असते!